भीती वाटतेय? मग रात्री जा, पण जा

आमचा एक प्रार्थनेचा व्हॉट्सअप ग्रुप आहे, त्यात रोज काही ना काही विनंत्या येत असतात, कोणाची परीक्षा, कोणाचं ऑपरेशन, कोणाच्या घरातली भांडणं, आणि या सगळ्यात एक विनंती फिरून फिरून येते, माणसं वेगळी, शब्द थोडे वेगळे, पण आशय तोच. "माझ्या मनातली भीती जावी म्हणून प्रार्थना करा, भीती गेली की मी देवाने सांगितलेलं करेन." मी पण खाली आमेन टाकते. पण हल्ली आमेन टाकताना मी जरा थांबते, कारण त्या वाक्याचा क्रमच मला पटेनासा झालाय. आधी भीती जाणार आणि मग आज्ञापालन होणार, हे आपल्याला सांगितलं कोणी? पवित्र शास्त्र उघडून बघितलं तर बहुतेक ठिकाणी उलटंच दिसतं, माणूस घाबरलेलाच असतो, देव त्याला जा म्हणतो, आणि तो घाबरत घाबरत जातो. भीती कधी वाटेत जाते, कधी काम झाल्यावर जाते, आणि कधी कधी तर जातच नाही.

तो एक मेसेज तुम्हालाही आला असेल, बायबलमध्ये "भिऊ नको" बरोबर 365 वेळा लिहिलंय, वर्षाच्या प्रत्येक दिवसाला एक. ऐकायला छान वाटतं पण मोजायला बसलं तर तेवढं भरत नाही, आणि मला वाटतं तो आकडा भरायची गरजही नाही. देव परत परत भिऊ नको म्हणतो त्याचं साधं कारण म्हणजे समोरचा माणूस त्या क्षणी भ्यालेला असतो. करिंथ शहरात प्रभू रात्री दृष्टान्तात प्रेषित पौलाला म्हणाला, भिऊ नको, बोलत जा, गप्प राहू नको. आता पौल जर बिनधास्त झोपला असता तर हे सांगायची वेळच आली नसती ना. पुढे त्याच करिंथकरांना लिहिताना पौल स्वतःच सांगतो की मी तुमच्याकडे आलो तेव्हा अशक्त होतो, भ्यालेलो होतो, पार कापत होतो. आणि तरी तो त्या शहरात दीड वर्ष राहिला. लोक साक्ष देताना "प्रभूने भीती काढून टाकली आणि मग मी..." असं सांगतात, पौल मात्र कापत होतो म्हणून सरळ लिहून मोकळा होतो.

पण मला खरं बोलायचंय ते गिदोनाबद्दल. बायबलमधलं शास्ते हे पुस्तक, अध्याय सहा ते आठ. संडे स्कूलमध्ये आपल्याला गिदोन म्हणजे तीनशे माणसं, रणशिंगं, मडकी आणि मशाली एवढंच शिकवतात, तो शेवटचा भाग झाला. सुरुवात बघा. मिद्यानी लोकांनी सात वर्षं छळून ठेवलंय, पीक आलं की येऊन सगळं उजाड करून जातात, आणि हा गडी गहू झोडतोय कुठे तर द्राक्षकुंडात. गहू झोडायचा म्हणजे उघड्यावर, वारा असेल तिथे, आणि हा खड्ड्यात लपून झोडतोय, मिद्यान्यांना दिसू नये म्हणून. अशा माणसापुढे देवाचा दूत येऊन बसतो आणि त्याला म्हणतो काय, तर पराक्रमी वीरा! मला दर वेळी इथे हसू येतं. गिदोनाला पण ते पटलं नसावं, कारण तो लगेच वाद घालायला लागतो, परमेश्वर आमच्याबरोबर आहे तर मग आमचं हे असं का झालं, आमच्या बापजाद्यांनी सांगितलेली ती अद्भुत कृत्यं गेली कुठे, आणि माझं कूळ सगळ्यात दुबळं, त्यात मी घरात सगळ्यात धाकटा.

त्यानंतर त्याला शांती मिळते, म्हणजे देवाच्या दूताला समोरासमोर पाहिलं, आता मी मरणार असं त्याला वाटतं तेव्हा देव त्याला म्हणतो की तुला शांती असो, भिऊ नको, तू मरणार नाहीस, आणि तो तिथे वेदी बांधून तिला परमेश्वर शांती आहे असं नाव देतो. इथेच गोष्ट संपली असती तर आपल्या ग्रुपवरची विनंती बरोबर ठरली असती, आधी शांती आणि मग काम. पण त्याच रात्री, म्हणजे शांती मिळाली त्याच रात्री, देव त्याला पहिलं काम सांगतो, तुझ्या बापाची बाल दैवताची वेदी आहे ती पाड, बाजूची अशेरा देवीची मूर्ती तोड आणि त्याच लाकडावर होमार्पण कर. बघा, काम मिद्यान्यांपासून सुरू होत नाही, घरापासून सुरू होतं, आणि घरच्या लोकांची भीती ही परक्यांच्या भीतीपेक्षा वेगळीच असते, ज्यांच्याबरोबर उद्या परत बसायचंय जेवायला त्यांची भीती. आणि शास्त्र अगदी सरळ लिहितं की आपल्या बापाच्या घराण्याला आणि गावच्या लोकांना भिऊन त्याने ते दिवसा केलं नाही, रात्री केलं. दहा चाकर बरोबर घेतले आणि रात्री जाऊन वेदी पाडली.

मी वाट बघत होते की पुढच्या वचनात देव त्याला रागावेल. रात्रीचा का गेलास, विश्वास कुठे आहे तुझा, सगळ्यांसमोर करायची हिंमत नव्हती का. काहीच नाही! देव त्याबद्दल एक शब्द बोलत नाही. देवाने वेदी पाडायला सांगितली होती, वेदी पडली. किती वाजता पाडायची ते सांगितलं नव्हतं.

आणि सकाळी काय झालं, गावातले लोक चिडले, गिदोनाला बाहेर काढ, त्याला मारायचंय म्हणाले, आणि तेव्हा त्याच्या बाजूने उभा कोण राहिला, तर बाप, योवाश, ज्याची ती वेदी होती. बाल जर देव असेल तर त्याची बाजू तोच लढवेल, तुम्ही कशाला लढवताय, असं म्हणाला. ज्या घराला भिऊन गिदोन रात्री गेला त्याच घरातून त्याला आधार मिळाला. पण हे त्याला रात्री माहीत नव्हतं. आपल्यालाही नसतंच, आपण मनात सगळ्यांचे डायलॉग आधीच लिहून ठेवतो, बाबा असं म्हणतील, सासूबाई तसं म्हणतील, आणि त्या आपणच लिहिलेल्या डायलॉगला घाबरून बसतो.

आता माझं थोडं सांगते. एका ठिकाणी मी नोकरीला होते तेव्हा मला एका कागदावर मागची तारीख टाकून सही करायला सांगितली होती. फार मोठा घोटाळा वगैरे नव्हता, निदान मला तसं सांगितलं गेलं, फॉर्मॅलिटी आहे, सगळे करतात. कागदावर सही कुठे करायची ते कळावं म्हणून पेन्सिलने बारीक फुली मारलेली होती आणि तारखेच्या जागी पण पेन्सिलनेच तारीख लिहून ठेवलेली, मी फक्त पेनने गिरवायचं. ती फुली मला आजही डोळ्यासमोर दिसते. मी कागद टेबलावर ठेवला, वॉशरूममध्ये गेले, तोंडावर पाणी मारलं, आणि प्रार्थना केली ती एवढीच की प्रभू, माझा आवाज फुटू दे. शांती वगैरे काही उतरली नाही हो. पोटात गोळा तसाच, हात गार पडलेले. परत येऊन म्हणाले, सर, मला ही तारीख नाही टाकता येणार. मध्येच आवाज चिरकला. ते माझ्याकडे बघत राहिले, मग म्हणाले, बरं, ठेव तिकडे.

पुढे काय झालं ते मंडळीत साक्ष म्हणून सांगण्यासारखं नाही. कोणी पकडलं गेलं नाही, मला बढती मिळाली नाही, सहा महिन्यांनी साहेब येऊन तुझं बरोबर होतं असंही म्हणाले नाहीत. सही दुसऱ्या कोणीतरी केली. माझ्याकडची चांगली कामं हळूहळू दुसरीकडे गेली, आणि कितीतरी दिवस केबिनमधून हाक आली की छातीत धस्स व्हायचं. एक मात्र झालं, तसले कागद नंतर माझ्या टेबलावर आलेच नाहीत. ती काही फार मोठी गोष्ट नाही पण मला रोज सकाळी ऑफिसला जाताना तेवढ्याने बरं वाटायचं.

हे मी मुद्दाम सांगितलं, कारण आपण साक्षी फक्त शेवट गोड झालेल्याच ऐकतो. मग ज्याचा शेवट गोड होत नाही त्याला वाटतं आपल्या विश्वासातच खोट आहे. शद्रख, मेशख, अबेद्नगो नबुखद्नेस्सर राजापुढे उभे आहेत, भट्टी पेटलेली आहे, आणि ते म्हणतात आमचा देव आम्हाला सोडवायला समर्थ आहे, आणि लगेच पुढे म्हणतात, आणि नाही सोडवलं तरी आम्ही तुझ्या मूर्तीला नमन करणार नाही. हे "नाही सोडवलं तरी" ते भट्टीत टाकायच्या आधी बोललेत. आपल्याला शेवट माहीत असल्यामुळे ते वाक्य पटकन वाचून पुढे जातो. देव वाचवेल याची खात्री आहे म्हणून आज्ञा पाळणं आणि देव देव आहे म्हणून आज्ञा पाळणं, यातला फरक मला त्या पेन्सिलच्या फुलीपुढे थोडाफार कळला, पूर्ण कळला असं म्हणणार नाही.

प्रेषितांच्या कृत्यांत नवव्या अध्यायात हनन्या नावाचा शिष्य आहे, दिमिष्कातला. हा माणूस मला फार आवडतो. प्रभू त्याला दृष्टान्तात हाक मारतो, हा लगेच म्हणतो, प्रभू, मी आहे. पण मग प्रभू सांगतो की नीट नावाच्या रस्त्यावर यहूदाच्या घरी जा आणि तार्सकर शौलाला शोध (हाच पुढे पौल झाला), तेव्हा याची गाडी अडते. तो प्रभूलाच माहिती द्यायला लागतो! प्रभू, या माणसाबद्दल मी पुष्कळांकडून ऐकलंय, यरुशलेमात तुझ्या लोकांचं याने किती वाईट केलंय, आणि इथे पण मुख्य याजकांकडून अधिकार घेऊन आलाय सगळ्यांना बांधून न्यायला. म्हणजे जणू प्रभूला हे ठाऊकच नव्हतं. पण प्रभू त्याचं सगळं ऐकून घेतो आणि म्हणतो, जा. भीती खोटी आहे असं म्हणत नाही. ती खोटी नव्हतीच, शौल खरंच त्यासाठी निघाला होता. भीती खरी होती, तिच्यामागचं कारणही खरं होतं, आणि तरी जा.

हनन्या गेला. आणि तिथे जाऊन त्याने जे केलं ते मला त्या दृष्टान्तापेक्षा मोठं वाटतं. समोर तीन दिवस डोळ्यांनी न दिसणारा, काही खाल्लं प्यायलं नाही असा तो माणूस, आणि हा त्याच्यावर हात ठेवून पहिल्यांदा काय म्हणतो, "शौल भाऊ". ज्याच्या नावाने अर्ध्या तासापूर्वी घाम फुटत होता (अर्धा तास माझ्या मनाचा, लिहिलेला नाही) त्याला भाऊ! हात ठेवताना त्याचे हात कापत होते की नाही ते कोणी लिहिलं नाही. मला वाटतं कापत असणार.

आणि हनन्या पुढे कुठेच दिसत नाही. एकदा पौल आपली साक्ष सांगताना त्याचं नाव घेतो, बस. त्याने काही चर्च उभारल्या नाहीत, पत्रं लिहिली नाहीत. एका दिवशी घाबरत एका घरी गेला, तेवढंच आपल्याला माहीत आहे.

आता भीतीबद्दल आपण एक गृहीत धरतो की भीती माणसाला थांबवते. थांबवते खरं, पण नेहमी नाही. कधी कधी भीती माणसाला पळवते. शौल राजाचं बघा (हा वेगळा शौल, जुन्या करारातला), पहिला शमुवेल तेरा. शमुवेल संदेष्ट्याने सात दिवस थांब म्हणून सांगितलंय, पलिष्टी जमलेत, लोक पांगायला लागलेत, गुहांत लपायला लागलेत, सातवा दिवस आला तरी शमुवेल येईना. शौल बसून राहिला नाही, त्याने काम केलं, आणि तेही धार्मिक काम, होमार्पण! आणि होम संपतो न संपतो तोच शमुवेल हजर. शौलाचं उत्तर पण किती ओळखीचं आहे, लोक सोडून चालले होते, तू आला नाहीस, म्हणून मग मला करणं भाग पडलं. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असेल काय भक्तिमान राजा आहे, युद्धाआधी अर्पण करतोय. आत सगळी भीती. हे आजही होतं, लग्न जमत नाही म्हणून कोणाशीही उरकून टाकायचं, नोकरी गेली म्हणून जे मिळेल ते घ्यायचं, आणि वरून प्रार्थना करूनच निर्णय घेतला म्हणायचं. थांबायला सांगितलंय तिथे थांबणं हे पण आज्ञापालनच आहे आणि माझ्या अनुभवात ते जास्त अवघड आहे, कारण निघालेल्या माणसाचं निदान पाय हलवून तरी टेन्शन कमी होतं.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी नाहीतर हा सगळा लेख चुकीच्या हातात पडेल. देवाची आज्ञा आणि आपल्या डोक्यात आलेला विचार ह्या दोन गोष्टी आहेत. "देवाने मला सांगितलं" म्हणून कोणी गोळ्या बंद करतं, कोणी उधार काढून दान देतं, कोणी कोणाच्या तरी सांगण्यावरून घरदार सोडतं, आणि भीती वाटली की त्यांना म्हणतात की ही सैतानाची भीती आहे, विश्वासाने पाऊल टाक. नाही हो. मंदिराच्या शिखरावरून उडी मार, देवदूत झेलतील, असं वचन दाखवून सांगणारा कोण होता ते मत्तय चारमध्ये लिहिलंय, आणि येशूने उडी मारली नाही. येशूला मारायला टपले होते तेव्हा तो कितीदा तरी तिथून निघून गेलाय, त्याची वेळ आली नव्हती म्हणून. दावीद शौल राजाचा भाला चुकवून रात्रीच पळाला. पौलाला दिमिष्कात शिष्यांनी टोपलीत बसवून भिंतीवरून खाली सोडलं. यातलं कोणीही अविश्वासू नव्हतं. घरात मार खाणाऱ्या बाईला कोणी आज्ञापालन म्हणून तिथेच राहा सांगत असेल तर तिने ती टोपली आठवावी आणि निघावं, एवढं मी ठाम सांगेन.

मग आज्ञा कोणती? माझ्यापुरतं सांगायचं तर ज्या आज्ञांना मी खरोखर घाबरते त्या सगळ्या आधीच लिहिलेल्या आहेत, त्यासाठी स्वप्न पडायची गरज नाही. खरं बोल. क्षमा कर. आधी जाऊन भावाशी समेट कर आणि मग अर्पण आण. ज्याला गरज आहे त्याला दे. विचारलं तर आपल्या आशेचं कारण सांग, सौम्यतेने. हे सगळं साधं वाटतं, पण करायला गेलं की घशाला कोरड पडते. आफ्रिकेत मिशनरी म्हणून जा असं देवाने सांगितलं तर मी जाईन बाई, असं आमच्यातल्या एक काकू म्हणायच्या, पण नणंदेला फोन कर असं सांगू नको म्हणावं!

आणि अजून एक, भीती हा आजारही असू शकतो. रात्र रात्र झोप नाही, श्वास कोंडतो, कारण नसताना धडधडतं, त्याला डॉक्टर लागतो आणि त्यात लाज काही नाही. एलीया संदेष्टा ईजबेल राणीला भिऊन पळाला आणि झुडपाखाली पडून मरण मागत होता तेव्हा देवाने त्याला प्रवचन दिलं नाही. आधी झोपू दिलं, दूताने उठवून भाकर आणि पाणी दिलं, परत झोपू दिलं, परत खायला दिलं. बोलणं होरेब डोंगरावर झालं, त्याला खूप दिवस गेले मध्ये. आपल्याकडे लोक झोपलेल्याला उठवून वचन ऐकवतात.

वचन ऐकवण्यावरून आठवलं, घाबरलेल्या माणसाच्या तोंडावर फेकायचं सगळ्यांचं आवडतं वचन म्हणजे दुसरं तीमथ्य एक सात, देवाने आपल्याला भित्रेपणाचा आत्मा दिला नाही. वचन खरंच आहे. पण त्याच्या तीनच ओळी वर पौल काय लिहितो बघा, तुझे अश्रू आठवून तुला भेटायची मला फार ओढ लागलीय. तुरुंगात बसलेला म्हातारा माणूस आपल्या मुलासारख्या पोराला लिहितोय, त्याचे अश्रू आठवतोय आणि मग म्हणतोय की बाळा, हा भित्रेपणा देवाकडून आलेला नाही. आणि याच तीमथ्याबद्दल पौलाने करिंथकरांना आधी कळवलेलं होतं की तो तुमच्याकडे आला तर तुमच्यात निर्भयपणे राहील असं बघा. म्हणजे घाबरट स्वभावाच्या माणसाची भीती कमी करणं हे मंडळीचं पण काम आहे, सगळं त्याच्या एकट्याच्या विश्वासावर टाकून चालत नाही. (प्रकटीकरणात शिक्षा होणाऱ्यांच्या यादीत भित्रे पण आहेत ते मला माहीत आहे, कोणीतरी मेसेज करणारच. पण भीतीने येशूला तीनदा नाकारणाऱ्या पेत्राला प्रभूने समुद्रकिनारी बोलावून नाश्ता दिला आणि कळप त्याच्या हातात दिला, तेव्हा ती यादी आवाज चिरकणाऱ्यांसाठी नसावी.)

परत गिदोनाकडे येते, कारण सगळ्यात भारी गोष्ट सातव्या अध्यायात आहे आणि ती कोणी सांगत नाही. बत्तीस हजार माणसं जमली होती. देव म्हणाला फार झाली, ज्याला भीती वाटते त्याने घरी जावं. बावीस हजार गेले. दहा हजार उरले, मग कोण पाणी कसं पितो त्यावरून परीक्षा होऊन तीनशे. म्हणजे भित्र्यांना घरी पाठवून झालं, बरोबर? त्याच रात्री देव गिदोनाला म्हणतो, ऊठ, खाली छावणीवर उतर, ती मी तुझ्या हाती दिलीय. आणि पुढे म्हणतो, पण तुला एकट्याने जायला भीती वाटत असेल तर तुझा चाकर पुरा याला बरोबर घे आणि तिथे ते काय बोलतात ते ऐक. पुढचं वाक्य काय आहे? तेव्हा तो आपला चाकर पुरा याला घेऊन खाली गेला.

संपलं! म्हणजे गिदोन अजूनही घाबरलेलाच होता. बावीस हजार भित्रे घरी गेले आणि त्यांचा सेनापती भित्राच राहिला, आणि देवाला ते माहीत होतं, देवाने त्याला घरी पाठवलं नाही, सोबत दिली. देवाकडे खूण मागायला दोनदा लोकर टाकून झालेली, ओली करून दाखव, कोरडी करून दाखव, सगळं झालेलं, तरी भीती होतीच. आणि खाली गेल्यावर त्या दोघांना काय ऐकू येतं, एक मिद्यानी सैनिक दुसऱ्याला स्वप्न सांगतोय, जवाची भाकर गडगडत आली आणि तंबूला आपटून तंबू उलटा झाला, आणि दुसरा म्हणतो ही तर गिदोनाची तलवार. शत्रूच्या तंबूतही भीतीच बसलेली होती. गिदोनाने तिथल्या तिथे देवाला नमन केलं.

मला या पुराचं फार कौतुक वाटतं. एक शब्द बोललेला नाही, फक्त बरोबर गेला. येशू धरला जायच्या रात्री गेथशेमानेत प्रार्थनेला गेला तेव्हा त्यालाही तिघं शिष्य बरोबर हवे होते, माझा जीव मरणप्राय खिन्न झालाय, इथे राहा आणि जागे राहा म्हणाला, आणि ते झोपले. प्याला टळू दे ही तीच प्रार्थना त्याने तीनदा केली, त्याच शब्दांत. म्हणून मी आता कोणाला काही अवघड करायचं असेल तर प्रार्थना करते म्हणून सोडून देत नाही, जमलं तर बरोबर जाते. डॉक्टरच्या बाहेरच्या बाकावर बसते, नाहीतर फोन लावताना शेजारी बसते. आमच्या ग्रुपमधल्या एकीला बहिणीशी बरेच दिवसांनी बोलायचं होतं, मी तिच्या शेजारी बसले होते, तिने नंबर लावला, कट केला, परत लावला, आणि पलीकडून हॅलो आल्यावर पहिलं वाक्य ती बोलली तेव्हा तिने माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की बांगडी रुतली. समेट झाला का म्हणाल तर अजून नाही. बोलणं चालू आहे.

स्तोत्र 56 मध्ये दावीद म्हणतो, मला भीती वाटेल तेव्हा मी तुझ्यावर भरवसा ठेवीन. हे गथमध्ये पलिष्ट्यांच्या हाती सापडला होता तेव्हाचं. आणि गथमध्ये दावीद काय करत होता ते पहिल्या शमुवेलात आहे, आखीश राजाला भिऊन वेड्याचं सोंग घेतलं होतं, दारांवर रेघोट्या ओढत होता, दाढीवर लाळ गाळत होता. गल्याथाला मारणारा दावीद हाच. आणि तसला प्रसंग त्या स्तोत्राच्या मथळ्यावर घालायला शास्त्राला काही संकोच वाटला नाही.

एक शेवटचं, हे मला अलीकडेच लक्षात आलं. गिदोनाची भीती पुढे गेली. मिद्यानी पळाले, आठव्या अध्यायात गिदोन पूर्ण वेगळा माणूस आहे, सुक्कोथच्या वडीलधाऱ्यांना काट्यांनी शिक्षा करतो, पनुएलचा बुरूज पाडतो, गावातली माणसं मारतो, कोणाला विचारणं नाही. त्या अध्यायात देव त्याच्याशी बोलला असं कुठेही लिहिलेलं नाही. लोक म्हणाले आमच्यावर राज्य कर, त्याला तो नाही म्हणाला, ते चांगलंच केलं, पण लुटीतल्या कानातल्या सोन्याच्या कुड्या मात्र मागून घेतल्या, 1700 शेकेल सोनं जमलं, त्याचं एफोद (याजक घालतात तसलं वस्त्र) केलं आणि आपल्या गावात ओफ्रात ठेवलं, आणि सगळे इस्राएली त्याच्या नादी लागले, ते गिदोनाला आणि त्याच्या घराण्याला पाश झालं. ज्या गावात त्याने दहा माणसं घेऊन अंधारात बालाची वेदी पाडली होती तेच गाव. एफोद करताना त्याने रात्र बघितली नाही, लोकर टाकली नाही, पुराला पण हाक मारली नाही. सहावा आणि सातवा अध्याय सगळेच वाचतात, आठवा पण एकदा बसून वाचा.